निंबाच्या गल्लीतल्या बारा बादल्या

१

“बाटल्या नसत्या, तं बुढी आज वट्यावर बसून आपल्याले शिव्या देत असती.”

“चूप वं रंगू! इथंसा बोलाचं असते काय?”

“बोलून कुठं राह्यली मी? पुटपुटून राह्यली.”

कुडाच्या अलीकडे फौजदार जानराव उभे होते. ते काही लपून ऐकत नव्हते. बूट शेणात पडला होता आणि तो दगडावर घासण्यात त्यांचं सगळं लक्ष होतं. पण ‘बाटल्या’ हा शब्द पोलिसाच्या कानात पडला की बाहेर निघत नाही. त्यांनी खिशातली वही काढली आणि लिहिलं : ‘बाटल्या. रंगूबाई.’

मग मान वर करून त्यांनी परसाकडे पाहिलं. घराचा पुढचा भाग जळून कोळसा झाला होता, परस मात्र तसंच होतं, नुकतंच सारवलेलं. सारवणातून ताटाएवढे गोल गोल काळे डाग वर उमटले होते, एका ओळीत. गोवऱ्या थापल्या असतील, असं मनाशी म्हणून जानराव पुढे निघाले. पुढे कितीतरी वर्षं त्यांना त्या क्षणाची लाज वाटायची. डाग समोर होते आणि माणूस बूट पुसत होता.

परवा, मंगळवारी भर दुपारी, या घरात प्रयागबाई जळून गेली होती. वय सत्तरीपार, कंबर मोडलेली, खाटेला खिळलेली. सून केशरबाई दळण घेऊन गिरणीवर गेलेली. दारापाशी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांनी पेट घेतला. चैत्रातल्या वाळक्या पऱ्हाट्या त्या, बघता बघता दार आगीनं भरलं.

आणि गल्ली पळाली नाही. हेच तर नवल होतं! गल्ली रांगेत उभी राहिली, शिकवल्यासारखी. विहिरीपासून दारापर्यंत तेवीस माणसं. निंबाखाली टांगलेल्या लाल बादल्या उतरल्या, भरल्या, हातोहात निघाल्या. विहिरीवर काठोकाठ भरलेली बादली दाराशी पोचली तेव्हा तिच्या बुडाला ओंजळभर पाणी होतं. दुसरीतही तेवढंच. तिसरीतही. बाराच्या बारा बादल्या गळत होत्या. घरोघरच्या घागरी आणेपर्यंत दाराची चौकट कोसळली.

जानराव पोचले तेव्हा तेवीस माणसं आपापल्या हाताकडे बघत उभी होती. सगळ्यांचे तळहात लालभडक होते. क्षणभर त्यांना वाटलं, रक्त आहे. तेव्हापासून ते या गल्लीत सारखे येत होते.

कारण ही रांग, या बादल्या, हे सगळं त्यांचं होतं. त्यांचं आणि इंद्रभानचं.

२

गेल्या दिवाळीनंतर वाशीमला दोन नवे साहेब एकाच आठवड्यात हजर झाले होते. दारव्ह्याहून बदलून आलेले फौजदार जानराव, आणि नगरपालिकेच्या बंबाचे नवे प्रमुख इंद्रभान. इंद्रभान रिठदचा, बौद्ध कुटुंबातला. नागपूरला आग विझवण्याचं शिकून आलेला, कमी बोलणारा, इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस. गावाला दोघांचंही कौतुक नव्हतं. पोलीस येतो तो दम द्यायला आणि बंब येतो तो राख बघायला, एवढीच गावाची ओळख.

ती ओळख बदलायची असं दोघांनी जानरावांच्या ओसरीवर चहा पिता पिता ठरवलं. गावात बंब एकच, म्हणून प्रत्येक गल्लीला बारा बादल्या द्यायच्या. लाल रंग, वर पांढऱ्या अक्षरात ‘आग’. पोलिसांनी लोकांना रांगेत उभं करायचं आणि इंद्रभाननं बादली कशी द्यायची, कशी घ्यायची ते शिकवायचं. निंबाच्या गल्लीतला सराव तर बघण्यासारखा झाला होता. इंद्रभान विहिरीच्या वट्यावर चढला नाही. तीन पावलं दूर उभा राहून त्यानं प्रत्येक बादली हातात घेतली आणि पुढे दिली. किती नम्र माणूस, असं जानरावांना वाटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारात खाट टाकून बसलेल्या प्रयागबाईनं वाजवल्या नाहीत, पण म्हातारीचे हात दुखत असतील.

सराव होऊन पंधरा दिवस झाले होते. मंगळवारी आग लागली तेव्हा बंब अनसिंगला कडब्याची गंजी विझवत होता.

आज तिसरा दिवस. अकोल्याहून वरिष्ठांचा फोन आला होता : संध्याकाळी पाच वाजता गल्लीसमोर पंचनामा पुरा करा आणि निष्काळजीपणानं मृत्यू म्हणून गुन्हा नोंदवा. कुणावर, ते गल्लीनं आधीच ठरवून टाकलं होतं.

“फुटक्या बादल्या आनल्या त्यानं,” उकंडराव म्हणाले. हे गल्लीतले मोठे शेतकरी. आवाज घरात लावला तरी चौकात ऐकू जायचा. “असे लोक खुर्चीवर बसवले का हे असंच होते, साहेब.”

“कसे लोक?”

उकंडरावांनी पानाची पिंक टाकायला जरा जास्तच वेळ घेतला. “असे म्हंजे... नवे. अनुभव नसलेले.”

“सरावाच्या दिवशी बादल्या गळत नव्हत्या. तुमीच तं टाळ्या वाजवल्या.”

“टाळ्या काय, कोनी साहेब आला का वाजवाच लागतात.”

रंगूबाई शेजारच्याच घरातली. बाटल्यांचं नाव काढताच ती पांढरी फटक पडली.

“मी? बाटल्या? नाही बावा! आमच्या घरी खोकल्याच्या औषधाची बाटली नाही, साहेब. खोकलाच नाही कोनाले.” आणि एवढं बोलून तिला जोराचा ठसका लागला.

केशरबाई जळक्या भिंतीला टेकून बसली होती. तीन दिवसांत तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं की तोंडातून शब्द. जानरावांनी चार प्रश्न विचारले. चारही हवेत विरले. ते उठले तेव्हा तिनंच विचारलं,

“त्यायची नोकरी जाईन?”

“इंद्रभानची? नोकरी तं गेलीच समजा. वरून कोर्ट. शिक्षासुद्धा होऊ शकते, बाई.”

तिनं खाली आपल्या हातांकडे पाहिलं. जानरावांनीही पाहिलं. ती रांगेत नव्हती, गिरणीवर होती. गिरणीतून धावत आली तेव्हा सगळं संपलं होतं. मग तिच्या नखांच्या कडेला तो लाल रंग कुठून आला?

३

हवालदार जगदेवचा सदरा ठाण्यात खुंटीला लटकत होता. आग विझवताना त्यानंही एक बादली उचलली होती. सदऱ्याच्या पोटावर लाल पट्टा उमटला होता.

“बायको म्हंते, धुतला तं एका पान्यात गेला,” जगदेव म्हणाला. “हा बाहीवरचा राह्यला तेवढा. तेलाचा रंग असा जाते काय, साहेब?”

जात नाही. जानरावांनी स्टेशन रस्त्यावरच्या गल्लीतली एक बादली मागवली. त्याच खेपेतली, त्याच दुकानातली. ओल्या बोटानं घासली, बोट स्वच्छ. पाणी भरून तासभर टांगली, एक थेंब गळला नाही. मग निंबाच्या गल्लीतली घेतली. बोट लाल झालं. नाकाशी नेलं, तर मातीचा वास आला.

गेरू. तुळशीवृंदावन रंगवायचा साधा गेरू. अक्षरं चुन्याची.

म्हणजे बादल्या धड आल्या होत्या. सरावानंतर आणि आगीच्या आधी, या एकाच गल्लीत, कुणीतरी त्यांचा मूळ रंग घालवला होता आणि तो गेला हे कळू नये म्हणून वर गेरू फासला होता. वाळलेला गेरू लांबून तसाच लाल दिसतो. ओला झाला की हाताला लागतो.

त्यांनी धनसिंगला बोलावलं. धनसिंग गावभर फिरून बादल्यांना डाग लावायचा. बुडं जोडता जोडता त्याची पाठ वाकली होती. त्यानं बादली उलटी केली, नखानं बूड खरवडलं, जिभेनं च् च् केलं.

“भोक नाही पाडलं कोनी, साहेब. शिवन उघडली बुडाची. जस्ताचा मुलामा उतरला सारा, पाहा कसा पांढरा भुगा पडते.”

“कशानं?”

“इस्तवानं. ही बादली इस्तव खाऊन आली, साहेब. घटकाभर तरी जाळात बसवली असन कोनी.” त्यानं उरलेल्या अकराही एकेक करून पाहिल्या. “साऱ्याच्या साऱ्या. येवढ्या बादल्या कोन भाजते? बादली काय वांगं हाय?”

जगदेवचे डोळे चमकले. बारा वर्षांच्या नोकरीत त्याचे डोळे चमकल्याचं हे दुसरं उदाहरण.

“साहेब! बादली जाळावर. अन् ते रंगूबाई काय म्हने? बाटल्या!” त्यानं मांडीवर थाप मारली. “हातभट्टी!”

४

तर्क खोटा म्हणण्यासारखा नव्हता. बादलीत मोहाचं रसायन, खाली जाळ, गाळून बाटल्यांत. गल्लीत कुणाच्या गोठ्यात भट्टी असेल, सरकारी बादल्या फुकट मिळाल्या असतील, रंग जळाला म्हणून गेरू लावला असेल. सगळं जुळत होतं. आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारे उकंडराव गेल्या पोळ्याला झिंगून बैलाऐवजी खांबाला ओवाळताना गावानं पाहिले होते.

दुपारी दोन वाजता गोठ्याची झडती झाली. कडब्यामागे अकरा बाटल्या सापडल्या. जगदेवनं एकीचं बूच उघडलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

“साहेब... हे तं कायतरी औषध हाय.”

“मूळव्याधीचं हाय!” उकंडराव दारातून ओरडले. मग आपण काय ओरडलो ते त्यांच्या ध्यानात आलं, कारण गल्ली बाहेरच उभी होती. “झालं समाधान? सांगा आता साऱ्या वाशीमले!”

ते सांगायची गरज राहिली नव्हती.

जानराव घरी आले ते मान खाली घालून. पाच वाजायला दोन तास उरले होते. कुणी भट्टी लावली नाही, कुणी भोक पाडलं नाही, कुणाचं प्रयागबाईशी वैर नाही. तरी बारा बादल्या जाळात गेल्या आणि गल्लीतल्या एका तोंडातून खरं निघत नाही. आणि पाच वाजता कागदावर नाव लिहायचं ते त्या माणसाचं, ज्याच्यासोबत याच ओसरीवर बसून त्यांनी गावाचं भलं करायचा बेत केला होता.

भागिरथाबाईंनी चहा ठेवला. नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी नेहमीचं गाऱ्हाणं गिळलं.

“इंद्रभानले बोलवून घेतो,” जानराव म्हणाले. “पाच वाजाच्या आधी त्यायच्याशी बोललं पायजे. त्यायच्यासाठीही टाक चहा.”

“टाकतो. थांबा, त्यायचा कप काढतो.”

“त्यायचा कप? घरात कप नाही काय दुसरे?”

भागिरथाबाई ओसरीच्या कोनाड्यातून निळ्या फुलांचा कप काढत होत्या. कान तुटलेला, एकटाच ठेवलेला. त्या अगदी सहज, मीठ मागावं तशा बोलल्या,

“आवो, घरातले कायले बाटवाचे?”

जानरावांनी बशी खाली ठेवली आणि खिशातली वही उघडली.

बाटवायचे. बाटला. बाटली.

बाटल्या.

रंगूबाई बाटल्यांबद्दल बोललीच नव्हती. ती बादल्यांबद्दल बोलत होती.

५

त्यांनी इंद्रभानला घरी बोलावलं नाही. ते स्वतः बंबाच्या शेडमध्ये गेले. इंद्रभान पाइपाची गुंडाळी करत बसला होता, उद्यापासून तो पाइप दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असला तरी नीट, वळ्यावर वळं ठेवून.

“तुमाले ठाऊक होतं,” जानराव म्हणाले.

इंद्रभाननं हात थांबवले नाहीत. “कधीपासून?”

“ते तुमी सांगा.”

“मंगळवारी अनसिंगहून आलो. लोकायचे हात पाह्यले. गेरू हाय हे तवाच समजलं. गेरू कायले लावला, हे समजाले मले बादली उलटी कराची गरज नव्हती, साहेब. माही माय सांगे, तिच्या हातचे पैसेसुद्धा दुकानदार इस्तवावर धरून घे.”

“मंग बोलले काहून नाही? जेलात जायची पाळी आली!”

“बोललो असतो तं काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, एक बाई मेली अन् हा आपली चूक झाकाले भलतंच काढून राह्यला.” त्यानं पाइपाला गाठ मारली. “अन् बोलाचं कोनापाशी? तुमच्यापाशी?”

“काहून? माह्यापाशी काहून नाही?”

इंद्रभान हसला, पण त्या हसण्यात काटा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त टोचलं.

“तुमच्या घरचा चहा लई चांगला असते, साहेब. निळ्या फुलाच्या कपात. पाच महिने झाले, नेहमी त्याच.”

जानरावांनी वाकून पाइपाची ती गुंडाळी उचलली आणि बंबावर ठेवली.

पाच वाजता निंबाखाली सगळी गल्ली जमली. बारा बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. इंद्रभान एका बाजूला, विहिरीपासून तीन पावलं दूर उभा होता. आज जानरावांनी ती पावलं मोजली.

“बादल्या चांगल्या आल्या होत्या,” त्यांनी सुरुवात केली. “स्टेशन रस्त्यावरच्या आजही गळत नाहीत. या गळल्या, कारण सरावानंतर कोनीतरी या जाळात घातल्या. बुडाची शिवण उघडली, रंग जळाला. म्हणून गेरू लावला, चुन्यानं अक्षरं काढली. पाणी भरून कोनी पाहिलं नाही, कारण बादल्या भरायच्या नव्हत्याच. फक्त शुद्ध...”

ते अडले. सगळी गल्ली मातीकडे बघत होती.

“परसात बारा गोल डाग आहेत, केशरबाईच्या. बारा बादल्यांच्या बुडांएवढे. सारवलेत, तरी दिसतात. गोवऱ्यांचा जाळ होता. येवढ्या गोवऱ्या एका घरच्या नसतात.”

रंगूबाईनं पदर तोंडात कोंबला.

“पन कायले घातल्या, हे नाही सांगितलं तुमी!” उकंडराव ओरडले. आवाज मात्र अर्ध्या वाटेत बसला. “कायले घातल्या, सांगा ना!”

जानरावांनी तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर होता. पण त्या शब्दासोबत एक कोनाडा आला, एक तुटक्या कानाचा कप आला, भागिरथाबाईंचा सहज, निर्मळ आवाज आला, आणि पाच महिने काही न विचारता इंद्रभानला त्याच कपात चहा देऊ देणारे ते स्वतःही आले. खाकी घातलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस भर गल्लीत मुका झाला.

“राहू द्या साहेब,” इंद्रभान हळू म्हणाला. “लिहून टाका माहं नाव. या बाईचं मानूस गेलं. अजून कायले...”

“नोका लिहू!”

आवाज ओळखीचा वाटला नाही कुणाला. तीन दिवसांत गल्लीनं तो ऐकलाच नव्हता. केशरबाई भिंत सोडून उठली होती. रंगूबाईनं तिचा हात धरला, तिनं तो सोडवला. ओळीतली पहिली बादली तिनं उचलली, विहिरीपासून तीन पावलं चालत गेली आणि इंद्रभानच्या पुढ्यात धरली. काय करावं ते न कळून त्यानं ती घेतली. दोघांचे हात एकाच कडीवर आले.

“याचा हात लागला, म्हून बादल्या बाटल्या,” ती म्हणाली. “बुढीनं सांगतलं, याच विहिरीचं पानी देवाले जाते, इस्तवातून काढल्याबिगर निंबाले टांगू नोको. मी जाळ केला. गोवऱ्या या साऱ्याजनीनं आनून देल्ल्या, गेरू रंगूनं कालवला. याची जात लागली होती बादलीले, ते जाळाची होती आमाले.”

निंबाचं एक पिवळं पान गिरक्या घेत बादलीत पडलं.

“लिहा, फौजदारसाहेब. माही सासू आगीनं नाही मेली. आमी पाळलेल्या विटाळानं मेली.”